साडेसात लिटर

शाळेनं बस विकायला काढली
तेव्हा लिलावात दुसरं कुणी बोलीच लावेना.
मीच घेतली. सत्तावीस वर्षं
फेअरली ते बर्क्स पास हिचं स्टिअरिंग माझ्या हातात,
कुठली खिडकी थंडीत अडते ते मला पाठ.
हिच्यात राहायचं ठरवलं,
आणि हिला तहान लागली.

आधी टाकी आली, नव्वद लिटरची,
मागच्या चाकाच्या कमानीला टेकवून बसवलेली.
तिच्यातलं पाणी काही वर चढेना.
पाणी उताराचं, हे काय मला माहीत नाही?
ओपिहीच्या काठी वाढले मी.
वर चढवायचं तर कुणीतरी ढकलायला हवं.

आयव्हर म्हणाला, पायाचा पंप घे.
वीज नको, कटकट नको, माझ्या होडीत तोच आहे.
मी त्याच्या होडीत भांडी घासून पाहिली:
एका पायावर उभी, बगळ्यासारखी,
दुसऱ्यानं दाबत, दाबत,
एका बशीला एक घोट.
डावा गुडघा माझा क्लचनं कधीच खाल्लाय.
म्हटलं, दुधाची तहान तुझी तू ताकावर भागव.

टिमारूच्या दुकानात काउंटरमागे एक पोरगा.
या भागात तिशीच्या आतलं कुणीही
कधीतरी माझ्या आरशात बसलेलं असतं.
हा तिसऱ्या रांगेतला, उलट्या करणारा.
"मिसेस ट्रेलोर, मिनिटाला किती लिटर हवेत?"
मी म्हटलं, आईकडे एक बादली होती,
तिनं मिनिटं कधी मोजली नाहीत.
तो हसला नाही. लिहीत गेला.
नळ एक. शॉवर एक.
"दोन्ही एका वेळी चालू राहतील का?"
"एकटीच आहे मी. कशाला राहतील?"
त्यानं अकराचा आकडा खोडला
आणि साडेसात लिहिलं.
एकटेपणाचा आकडा असतो हे मला त्या दिवशी कळलं:
साडेसात लिटर, बारा व्होल्ट, फ्यूज दहाचा.
स्वस्तही पडला जरा.

सातव्या सीटखाली बसवला. ती एकच सीट ठेवलीय.
टाकीकडून जाळी, जाळीकडून पंप,
बाण कुठल्या दिशेला ते दोनदा पाहिलं,
तरी पहिल्यांदा उलटाच लागला.
सरळ केला, बटण दाबलं,
तर अख्खी बस ढोलासारखी घुमली,
आयव्हरचा कुत्रा कुंपण ओलांडून पळाला.
मग जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून पायांखाली घातले,
स्क्रू पिळायचे नाहीत, नुसते टेकवायचे,
ताठ नळीऐवजी मऊ नळीचा एक वेटोळा.
आता कुणीतरी घसा साफ करावा इतकाच आवाज.

पण रात्री दोनला तो आपणहून टुर्र झाला.
नळ बंद. मी अंथरुणात.
पाऊण तासानं पुन्हा, टुर्र.
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ना,
ते इतकं शब्दशः कधी कानांवर आलं नव्हतं.
टॉर्च तोंडात धरून
एकेका जोडाला टिश्यू टेकवत गेले:
कोरडा, कोरडा, कोरडा,
सिंकखालचा ओला.
पान्याचा पाव वेढा. बस.
मग पहाटेपर्यंत जागीच, तो बोलतोय का ऐकत.

जूनमध्ये रोज रात्री सगळं पाणी काढून टाकते.
उणे आठमध्ये पंपाचं पोट फुटतं म्हणे.
सकाळी तो हवा गिळतो, खोकतो,
नळ आधी थुंकतो, मग धार धरतो.

परवा आयव्हर बटाटे घेऊन आला.
मी शॉवरखाली होते, केसभर साबण.
अचानक धार बारीक झाली,
बारीक होत होत दोरा झाली.
"आयव्हर! नळ!" मी ओरडले.
"दोनच राहिलेत धुवायचे," तो तिकडून.
डोळ्यांत साबण, खांद्यावर दोऱ्याएवढं पाणी,
सीटखाली पंप बिचारा दोघांना पुरा पडायला बघतोय.
पुन्हा काही मी ओरडले नाही.
बटाटे मात्र दोन नव्हते. मोजले मी नंतर,
अकरा होते.